साहेबांना माझं नाव कळलं, आणि तेव्हापासून झोप नाही

मोगरा_डोंबिवली | मंगळवार, रात्री १०:५०

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज मुलगी लवकर झोपली म्हणून बसलेय.

मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंग कंपनीत इम्पोर्ट डॉक्युमेंटेशनला आहे. नऊ वर्षं झाली. न्हावा शेव्याला कंटेनर उतरला की बिल ऑफ एंट्री, शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर, रिकामा डबा परत गेल्याची पावती हे सगळं बघायचं, आणि शेवटी लाइनची बिलं तपासून अकाउंट्सला पाठवायची. माझं टेबल झेरॉक्स मशीनच्या मागे, खिडकीला लागून. साहेब लोक चौथ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. नऊ वर्षांत डायरेक्टरसाहेब आमच्या खोलीत दिवाळीच्या पूजेला सोडून आलेले मला आठवत नाहीत. मला ते चालत होतं. खरं तर फार बरं वाटत होतं. काम चोख करायचं, पावणेसहाला पर्स उचलायची, सीएसएमटीला चालत जायचं आणि फास्ट गाडी पकडायची. मुलीला पाळणाघरातून साडेसातच्या आत आणायचं असतं.

ऑगस्टमध्ये एका लाइनचं डिटेन्शनचं बिल आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लाइन कंटेनर देते तेव्हा काही दिवस तो फुकट वापरता येतो, त्यांना फ्री डेज म्हणतात. ते संपले की रोजचं भाडं लागतं, ते डिटेन्शन. या लाइनशी आमचे चौदा दिवस ठरलेत. बिलात चौदाच धरले होते, पण ते जहाज बंदरात आल्या तारखेपासून मोजले होते. करारात आहे डबा जहाजावरून उतरल्या तारखेपासून. एरवी दोन्ही तारखा एकच किंवा एका दिवसाच्या फरकाने. पावसात मात्र जहाजं खोळंबतात, तेव्हा दोन-तीन दिवसांचा फरक पडतो. चाळीस फुटी डबे, कधी एका वेळी दहा-बारा. मी जुनी बिलं काढली. रोज संध्याकाळी अर्धा तास, गाडी एक पुढची धरून, सव्वीस महिन्यांची बिलं एक्सेलमध्ये टाकली. एकूण अकरा लाख चाळीस हजार जास्त भरलेले निघाले.

मी ते सगळ्यात आधी भाऊंना दाखवलं. भाऊ म्हणजे आमचे सीनियर, बावीस वर्षं याच कंपनीत. मी आले तेव्हा मला बिल ऑफ लेडिंग सरळ धरून वाचता येत नव्हतं, ते त्यांनी शिकवलं. त्यांनी कागद बघितला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मेल टाक अकाउंट्सला. मला कॉपीत ठेव." मी टाकला. अकाउंट्सच्या हेडनी तो तसाच वर पाठवला.

आठ दिवसांनी डायरेक्टरसाहेब खाली आले. थेट माझ्या टेबलापाशी. माझं नाव घेतलं, पहिलं नाव, आणि म्हणाले, "असं काम करणारी माणसं आपल्याकडे आहेत हे आम्हाला कळायला हवं होतं." सगळी खोली उभी राहिली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मेल गेला, माझ्या फोटोसकट.

तेव्हापासून माझं काहीतरी बिनसलंय. लिफ्टचं दार उघडलं की मान वर होते. पावणेसहाला उठताना पहिल्यांदा इकडेतिकडे बघते. तयार केलेला मेल चारदा वाचते. डब्याच्या वेळी मी आले की बोलणं थांबतं असं वाटतं, कदाचित थांबत नसेलही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्या सव्वीस महिन्यांच्या प्रत्येक बिलावर भाऊंची सही आहे.

येत्या गुरुवारी मला केबिनमध्ये बोलावलंय. "तुमच्या पुढच्या रोलबद्दल बोलू," असं लिहिलंय. चांगलं झालंय ना हे? मग पोटात गोळा का येतोय? घरी सांगितलं तर नवरा म्हणतो पेढे आण. सासूबाईंनी तर देवापुढे साखर ठेवली. त्यांना काय सांगू?

पवई_तलाव | मंगळवार, रात्री ११:१५

आधी मनापासून अभिनंदन, ताई. सव्वीस महिन्यांची बिलं स्वतःहून काढणं सोपं नाही.

एक सांगतो, त्याचा उपयोग होईल. आपल्याकडे सगळे बघतायत हे आपल्याला वाटतं त्याच्या निम्मंसुद्धा खरं नसतं. २००० साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून वर्गात पाठवलं आणि विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांना वाटलं साधारण निम्म्यांच्या. प्रत्यक्षात पाव जणांच्याही लक्षात आलं नव्हतं. तेव्हा डब्याच्या वेळचं मनावर घेऊ नका.

मोगरा_डोंबिवली | मंगळवार, रात्री ११:३१

धन्यवाद. पण माझा तर फोटो लावलाय हो मेलमध्ये. लक्षात आलंय सगळ्यांच्या. वाटतंय ते खोटं आहे असं कोणी म्हटलं की मला अजूनच एकटं वाटतं.

पवई_तलाव | मंगळवार, रात्री ११:३४

बरोबर आहे. मी घाईत लिहिलं.

चिंचपोकळी_पूर्व | बुधवार, सकाळी ७:०५

मुली, तुझा पोटातला गोळा मी ओळखतो. माझ्या वडिलांच्या पोटात तो होता.

वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. सुरुवातीची सहा वर्षं बदली कामगार. बदली म्हणजे रोज सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी खाडा केला असेल तर त्याच्या जागी काम. कोणाला घ्यायचं ते पूर्वी जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या हातात असायचं. १९३५ पासून मुंबईत बदलीची कार्डं आली ती जॉबरचा हात आखडावा म्हणून. वडिलांच्या वेळेपर्यंत कागदावर पद्धत बदलली होती, पण खात्यात शिरल्यावर कुठला साचा मिळणार, सूत चांगलं मिळणार की तुटकं, हे जॉबरच्याच मर्जीवर. सूत तुटकं असलं की साचा सारखा थांबतो, आणि पगार कापडावर.

ते म्हणायचे, जॉबरच्या नजरेत असावं, नजरेत भरू नये. नजरेत नसलास तर काम नाही. नजरेत भरलास तर दोन गोष्टी होतात. तो तुला दोनाच्या जागी चार साचे देऊन बघतो, आणि बाजूचा साचेवाला तुझ्याशी बोलायचं बंद करतो, कारण तुझ्यामुळे उद्या त्यालाही चार मिळणार.

लहानपणी मला यात भित्रेपणा वाटायचा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर. गिरणी काही पुन्हा नीट सुरू झाली नाही. वडील घरी बसले तेव्हा मला कळलं की या माणसाने आयुष्यभर आपल्याला कोण बघतंय याचा हिशोब ठेवला होता आणि तो हिशोब म्हणजे त्याचं शहाणपण होतं. तुझा साहेब जॉबर नाही, मला मान्य आहे. पण आपल्या घरांत हा गोळा पिढ्यान्‌पिढ्या आलाय. तुझ्यात खोट आहे असं समजू नकोस.

पाऊलवाट | बुधवार, सकाळी ७:४०

काका, डोळ्यांत पाणी आलं वाचून.

खातेवही_निवृत्त | बुधवार, सकाळी ९:२०

मी सरकारी बँकेत एकतीस वर्षं होतो, सगळी क्लार्क म्हणून. त्यामागची गोष्ट सांगतो, कारण तुम्ही गुरुवारी केबिनमध्ये जाणार आहात.

१९९३ साल. दादरच्या एका शाखेत सेव्हिंग्जची लेजरं जुळत नव्हती. तेव्हा सगळं हाताने. खात्यांच्या शिलकांची बेरीज आणि जनरल लेजरचा आकडा जुळायला हवा. आमच्याकडे काही वर्षं फरक पुढे ओढला जात होता. मला आकड्यांचा नाद. मी रविवारी जाऊन बसायचो. चार महिन्यांत फरक सापडला: एका खात्याची शिलक नव्या लेजरमध्ये उतरवताना आकड्यांची अदलाबदल झाली होती, आणि दुसरीकडे एक नोंद दोनदा झाली होती. रीजनल मॅनेजर स्वतः शाखेत आले. पाठीवर हात ठेवला. म्हणाले, प्रमोशनची परीक्षा द्या, तुम्ही इथे सडताय.

ऑफिसर झालं की बदली भारतात कुठेही. आई अंथरुणाला खिळलेली, बायकोची महापालिकेच्या शाळेत नोकरी, घर डोंबिवलीतच. मी परीक्षा दिली नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही नाही. आमच्या पिढीतल्या शेकडो लोकांनी हेच केलंय, मुंबईतल्या बँकांत हा काही वेगळा प्रकार नाही.

मला नकार दिल्याचं दुःख नाही. दुःख याचं आहे की का नाही म्हणतोय हे मी कधी सांगितलं नाही. मान खाली घालून "नको साहेब" एवढंच म्हणालो. त्यांनी समजूत करून घेतली की याला जबाबदारी नको, हा आळशी. ती समजूत माझ्या पुढच्या प्रत्येक मॅनेजरपर्यंत गेली. आई गेल्यावर, मुलगी मोठी झाल्यावर, मला खरंच ऑफिसर व्हायचं होतं. तेव्हा कोणी विचारलं नाही. मी तोंड उघडून सांगितलं असतं, "आत्ता नाही, आईमुळे नाही," तर दार लोटलेलं राहिलं असतं, बंद झालं नसतं.

पावणेसहाची तुमची गाडी आणि पाळणाघर ही लाजण्याची गोष्ट नाही. केबिनमध्ये ते तोंडाने बोला.

मोगरा_डोंबिवली | बुधवार, दुपारी १:४५

काका, डबा खाताना वाचलं. "आत्ता नाही" हे शब्द माझ्या डोक्यात आलेच नव्हते. मी हो किंवा नाही एवढंच बघत होते.

सानपाडा_सेक्टर | बुधवार, दुपारी ३:१०

मी कामगार संघटनेत काम करतो, म्हणून कायद्याची बाजू. ही लोक सोडून देतात आणि नंतर धावत येतात.

"पुढचा रोल" म्हणजे बहुतेक असिस्टंट मॅनेजर किंवा टीम लीड. कायद्यात "कामगार" कोणाला म्हणायचं याची व्याख्या आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत आहे. कारकुनी काम करणारी व्यक्ती कामगारात येते, पगार कितीही असो. मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारी येत नाही. सुपरवायझरी काम करणारी महिना १८,००० रुपयांच्या वर पगार असेल तर येत नाही. म्हणजे मुंबईतले जवळपास सगळे सुपरवायझर बाहेर.

बाहेर गेल्याने काय जातं? वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. नऊ वर्षांचे तुमचे ते पैसे आहेत. व्याख्येबाहेर गेलात की तुमच्या हातात फक्त नेमणुकीच्या पत्रातलं कलम उरतं.

घाबरवत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: कोर्ट पदाचं नाव बघत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतं. नाव मॅनेजर आणि काम तेच बिलं तपासण्याचं, तर माणूस कामगारच राहतो. पण ते सिद्ध करायला वर्षं जातात. म्हणून पत्र हातात घ्या, घरी आणा, वाचा. त्यात हाताखाली किती माणसं, कोणाची रजा तुम्ही मंजूर करणार, बिलावर शेवटची सही कोणाची, हे लिहिलेलं असायला हवं. केबिनमध्ये कशावरही सही करू नका.

वडाची_पारंबी | बुधवार, संध्याकाळी ६:२५

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. चिंचपोकळीकरांनी जे लिहिलं त्याला जोडून.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग व्यवस्थापन शिकलेल्या सगळ्यांना माहीत असतात. १९२४ पासून सुरू झाले. दिवे वाढवले तरी उत्पादन वाढलं, कमी केले तरी टिकलं, म्हणून कोणी लक्ष देतंय या भावनेनेच माणूस जास्त काम करतो, असं सांगितलं जातं. नंतर जुने आकडे पुन्हा तपासले गेले तेव्हा तो परिणाम सांगितला जातो तितका ठळक निघाला नाही. तरी मॅनेजमेंटच्या वर्गात हीच गोष्ट पुढे चालते, कारण साहेबांना ती ऐकायला आवडते: आम्ही बघतो म्हणून तुम्ही फुलता.

त्याच कारखान्यातली दुसरी खोली मला जास्त महत्त्वाची वाटते. १९३१-३२ मध्ये चौदा पुरुष कामगारांना एका वेगळ्या खोलीत बसवलं. टेलिफोन एक्स्चेंजच्या भागांना तारा जोडायचं काम. एक निरीक्षक कोपऱ्यात बसून टिपत होता. दिसलं असं की दिवसाचं रास्त काम किती हे त्या माणसांनी आपसात ठरवलेलं होतं. जो फार जास्त करील त्याला नावं ठेवायची. फार कमी करील त्यालाही. कोणी जास्त पळायला लागला तर दंडावर ठोसा मारायचे, जोरात नाही, पण कळेल असा. आणि सगळ्यात कडक नियम हा, की सोबत्याचं नुकसान होईल असं वरच्याला काही सांगायचं नाही.

तुम्ही लिहिलंत, भाऊंची सही आहे. मला वाटतं तुमची बेचैनी इथे आहे, नजर पडली यात तेवढी नाही. तुम्ही आकडा शोधलात, माणूस शोधला नव्हता. पण मेल वर गेला आणि वरच्यांनी आकड्याबरोबर माणूसही वाचला असेल. तुमच्या मनाला तो दंडावरचा ठोसा बसतोय, आणि तो तुम्ही स्वतःच मारताय.

मोगरा_डोंबिवली | बुधवार, संध्याकाळी ७:०२

लोकलमध्ये आहे, उभ्याने टाइप करतेय. हो. हेच आहे. नीट लिहिते रात्री.

कुर्ला_हार्बर | बुधवार, रात्री ८:१५

एक विचारू? राग मानू नका. नजर कुठली आहे याची खात्री आहे ना?

हे विचारण्याचं कारण माझं आहे. पाच वर्षांपूर्वी माझ्याही कामाचं असंच कौतुक सुरू झालं होतं. माझा अहवाल सगळ्यांसमोर वाचून दाखवला, मग "उशिरा थांबशील का, नवीन प्रोजेक्ट समजावतो", मग गाडीने सोडतो, मग रात्री मेसेज. पोटातला गोळा मला पहिल्या आठवड्यात आला होता आणि मी त्याला गप्प बसवलं, कारण सगळे म्हणत होते भाग्यवान आहेस. मी तक्रार करायला गेले तोवर वेळ निघून गेली होती. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घटनेपासून तीन महिन्यांत ऑफिसच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्यायची असते. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवता येतात. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात ही अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाईच.

ताई, तुमचं प्रकरण तसं वाटत नाही. पण इथे वाचणाऱ्या कोणाचं तसं असेल तर तिने पोटाचं ऐकावं आणि तारखा लिहून ठेवाव्यात.

मोगरा_डोंबिवली | बुधवार, रात्री १०:२०

कुर्ला, राग कसला. तसं नाही, खात्री आहे. साहेब साठीचे आहेत, दार उघडं ठेवून बोलतात, अकाउंट्सच्या मॅडमही असणार आहेत. पण तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. तुम्ही आता कशा आहात?

कुर्ला_हार्बर | बुधवार, रात्री १०:४१

बरी आहे. दुसरीकडे लागले. तिथे मला कोणी ओळखत नाही आणि दोन वर्षं मी ते तसंच राहू दिलं. आता हळूहळू मीटिंगमध्ये बोलते.

फाइलवाली | बुधवार, रात्री ११:००

मी सरकारी कार्यालयात आहे. आमच्याकडे नजर म्हणजे गोपनीय अहवाल. साहेबाने वर्षभर काय बघितलं ते वर्षाच्या शेवटी एका शेऱ्यात. पूर्वी वाईट शेरा असेल तरच कळवायचे, "चांगला" असेल तर नाही. पण "अत्युत्कृष्ट" लागत असलेल्या जागी "चांगला" शेरासुद्धा आडवा येतो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त खटल्यात सांगितलं की प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. त्यानंतर मला माझे शेरे दिसू लागले. काय लिहिलंय हे माहीत असलं की भीती निम्मी होते. तुम्हीही साहेबांना सरळ विचारा, माझ्याबद्दल तुमचं मत काय झालंय आणि त्यावरून काय अपेक्षा आहे. अंधारात बसू नका.

पवई_तलाव | बुधवार, रात्री ११:५०

काल मी उपदेश केला. आज खरं सांगतो.

आमच्याकडे नऊ घरांचा एक तक्ता असतो. एका बाजूला आत्ताची कामगिरी, दुसऱ्या बाजूला पुढची क्षमता. वरच्या उजव्या घरात नाव गेलं की तुम्ही कंपनीच्या नजरेतले. माझं तीन वर्षांपूर्वी गेलं. मॅनेजरने सांगू नये ते सांगितलं. त्या दिवसापर्यंत मला कोड लिहायला आवडायचं. मग प्रत्येक काम करताना मी त्या घरात राहतोय की बाहेर पडतोय हेच बघायला लागलो. जे येतं तेच करायला लागलो. नवीन काही हातात घेतलं नाही, कारण नवीन चुकतं. झायॉन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये हेच मांडलं होतं असं नंतर वाचलं: कोणी बघत असलं की अंगवळणी पडलेलं काम सुधारतं, आणि जे शिकायचं बाकी आहे ते बिघडतं. माझी तीन वर्षं शिकण्याविना गेली. घरात कोणाला हे बोललो नाही. इथे लिहितोय.

खातेवही_निवृत्त | गुरुवार, सकाळी ६:३०

पवई, बाळा, रविवारी कोणाला न सांगता काहीतरी नवीन कर. अगदी लहानसं. मी बॅलन्सिंग तसंच केलं होतं, कोणी विचारायच्या आधी.

मोगराताई, आज गुरुवार. आशीर्वाद.

मोगरा_डोंबिवली | शुक्रवार, रात्री ११:१०

काल लिहिणं झालं नाही. घरी आले आणि आठ वाजताच झोपले, किती दिवसांनी.

झालं ते सांगते. बुधवारी रात्री पारंबीताईंचं वाचल्यावर मी पुन्हा फाइल उघडली. या वेळी भाऊंसाठी. एक प्रश्न मी आधी विचारलाच नव्हता: मला करारातलं ते कलम माहीत कसं झालं? ऑगस्टमध्ये एका पार्टीच्या तक्रारीत सेल्सच्या मुलाने कराराची पीडीएफ मला चुकून कॉपी केली होती, म्हणून. त्याआधी आमच्या खोलीत त्या लाइनचा करार कधी आलाच नव्हता. सगळे करार सेल्सकडे असतात. आमच्याकडे येतो एका ओळीचा मेल, "फ्री डेज चौदा". कुठून मोजायचे ते त्यात नसतं. भाऊंनी चौदा बघितले, बिलात चौदा होते, सही केली. त्या जागी मी असते तर मीही केली असती. त्यातल्या काही बिलांचं पहिलं चेकिंग तर माझंच आहे, बारीक टिक आहे माझी. ती मला दिसलीच नव्हती.

मी ते सगळे एका ओळीचे मेल छापले, सव्वीस महिन्यांतले सहा होते, आणि सकाळी भाऊंच्या टेबलावर ठेवले. म्हटलं, "भाऊ, हे मी आज वर नेणार आहे. तुमचं नाव मी घेणार. चालेल का?" ते म्हणाले, "काय म्हणून घेणार?" मी सांगितलं. ते बराच वेळ कागद उलटत बसले. "बरं," एवढंच म्हणाले.

केबिनमध्ये डायरेक्टरसाहेब आणि अकाउंट्सच्या मॅडम. साहेबांनी चहा मागवला. माझा हात थरथरत होता म्हणून मी कप उचललाच नाही. त्यांनी सांगितलं की सगळ्या लाइनची बिलं तपासायला एक वेगळी जागा काढायची आहे, तुम्ही ती सांभाळा. मी म्हटलं, आधी एक दाखवायचंय. ते सहा मेल पुढे केले. करार खाली येत नाहीत, हे सांगितलं. बिलं पास करताना आमच्याकडे तपासायला काहीच नव्हतं, भाऊंकडेही आणि माझ्याकडेही. साहेबांनी दोनदा वाचलं. मॅडमना विचारलं, "हे असंच चालतं?" मॅडम हो म्हणाल्या. साहेब थोडे चिडले, पण माझ्यावर नाही.

मग मी घाईघाईत बाकीचं बोलले, पाठ केल्यासारखं. पावणेसहाला मला निघावं लागतं, मुलगी पाचवीत जाईपर्यंत तरी. पत्र घरी नेऊन वाचणार. आणि माझं नाव पुन्हा मेलमध्ये टाकायचं असेल तर आधी मला विचारा. हे शेवटचं बोलताना आवाज चिरकला. साहेब म्हणाले, "फोटोने वाईट वाटलं?" मी म्हटलं, "वाईट नाही, अवघडल्यासारखं झालं." ते म्हणाले त्यांच्या हे लक्षात आलं नव्हतं. खोटं वाटलं नाही मला.

पत्र अजून आलेलं नाही. सानपाडादादा, आलं की तुम्हाला विचारल्याशिवाय सही नाही.

सानपाडा_सेक्टर | शुक्रवार, रात्री ११:२२

नक्की विचारा. आणि ते सहा मेल स्वतःजवळ जपून ठेवा, एक संच घरी.

चिंचपोकळी_पूर्व | शनिवार, सकाळी ६:५०

आमच्या वडिलांना हे वाचून दाखवलं असतं, असतील तिथे ऐकत असतील. भाऊंचं काय झालं पुढे?

मोगरा_डोंबिवली | शनिवार, दुपारी २:३०

आज अर्धा दिवस होता. सकाळी सगळ्या लाइनचे करार खाली आले, दोन जाड फाइली, सेल्सच्या मुलाने आणून ठेवल्या. भाऊंनी खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली, झेरॉक्स मशीनला टेकून. चष्मा पुसला आणि पहिली फाइल उघडली. एकापर्यंत आम्ही चार करार वाचले. दोन लाइन जहाजाच्या तारखेपासून मोजतात, दोन डब्याच्या. भाऊ ते वहीत लिहीत होते, लाल पेनाने. केबिनबद्दल एक शब्द विचारला नाही. मीही सांगितलं नाही.

लिफ्टचं दार वाजलं तेव्हा मान वर झाली माझी. भाऊंचीही झाली. पेपरवाला होता.